दोघांच्या दाखल्यावर एकच शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. मृत्यू ही नैसर्गिक गोष्ट आहे, पान पिकलं की गळतं, मग त्याला वाईट म्हणायचं कशाला, आणि रडत बसणं म्हणजे निसर्गाशीच भांडण, अशा अर्थाचं. मी ते वाचून बाजूला ठेवलं, दुपारी परत काढून वाचलं, रात्री झोप येईना तेव्हा तिसऱ्यांदा वाचलं. त्यांचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, कुणाला तरी धीर मिळावा म्हणूनच लिहिलंय त्यांनी, पण त्यातलं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलंय आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पत्र लांब झालं तर जरूर कापा, फक्त भावाबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या.

मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे "मृत्यू नैसर्गिक आहे" हे वाक्य मी स्वतः फळ्यावर किती वेळा लिहिलंय त्याची मोजदाद नाही. जन्म, वाढ, प्रजनन, मृत्यू, मध्ये खडूने बाण. एकदा आठवीच्या वर्गात हे शिकवताना एका मुलीने हात वर केला. तिचे बाबा दोनच महिन्यांपूर्वी गेले होते, मला ते माहीत होतं पण त्या क्षणी डोक्यात नव्हतं. ती म्हणाली, "बाई, मग नैसर्गिक असलं की ते वाईट नसतं का?" मी म्हणाले, "अगं, निसर्गात चांगलं-वाईट असं काही नसतं." ती खाली बसली. मी पुढचा मुद्दा घेतला. उत्तर विज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं, पण त्या पोरीने निसर्गाबद्दल विचारलंच नव्हतं, तिने तिच्या बाबांबद्दल विचारलं होतं. हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली, आणि माझा भाऊ जावा लागला.

माझा भाऊ म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. ४१ व्या वर्षी झोपेत गेला. लहानपणापासून त्याला पाण्याची भयंकर भीती, गुडघाभर पाण्यात सुद्धा माझा हात घट्ट धरून उभा राहायचा, आणि चाळिशी आल्यावर अचानक त्याने ठरवलं की आता पोहायला शिकायचंच. पहिला महिना तर नुसता तलावाची कड धरून पाय मारत होता, शेजारी सात-आठ वर्षांची पोरं सुळकन निघून जायची आणि हा तिथेच. पण सोडलं नाही त्याने. मोबाईलवर पहाटे ५:४० चा अलार्म, त्याला नाव दिलेलं "पोहणे". गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मला फोन आला, "ताई, आज पंधरा मीटर! मध्ये पाय टेकवला नाही. उद्या पूर्ण पंचवीस मारतो बघ." सकाळी अलार्म वाजला, वाजत राहिला, तो बंद का करत नाही म्हणून माझी भावजय त्याला हलवायला गेली.

एवढंच. यापेक्षा जास्त मला त्या सकाळबद्दल लिहिता येत नाही.

पोस्टमॉर्टेममध्ये कळलं की हृदयाच्या स्नायूची भिंत जाड झालेली होती, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात त्याला, पुष्कळ वेळा हा आजार घराण्यातून येतो आणि कित्येकांना शेवटपर्यंत काहीच लक्षण दिसत नाही. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर एक रकाना असतो, मृत्यू कशा प्रकारचा, नैसर्गिक की अपघात की आत्महत्या की खून. भावाच्या दाखल्यावर लिहिलेलं होतं, नैसर्गिक. चार वर्षांनी आई गेली, ८४ वर्षांची होऊन, घरी, आपल्या अंथरुणात, सगळ्यांच्या मध्ये. तिच्या दाखल्यावर त्याच रकान्यात तोच शब्द, नैसर्गिक. दोन्ही कागद माझ्याकडे एकाच फाईलमध्ये आहेत. डॉक्टरांनी काही चुकीचं लिहिलेलं नाही, त्या रकान्यात नैसर्गिक याचा अर्थ इतकाच की आजाराने किंवा म्हातारपणाने गेला, बाहेरून कुणी किंवा कशाने मारलं नाही. पण तोच शब्द आपण बाहेर बोलताना वापरतो तेव्हा त्याच्यात हळूच दुसरा अर्थ घुसतो, की हे असंच व्हायचं होतं, हे ठीक आहे, तक्रारीला जागा नाही. मला खटकलं ते हेच. भावाचं जाणं आणि आईचं जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो शब्द दोघांना एकाच मापाने मोजतो.

आता त्या गृहस्थांनी पानगळीचं उदाहरण दिलंय म्हणून थोडं शास्त्र. ते उदाहरण खरंच सुंदर आहे, आणि योगायोग असा की शास्त्रज्ञांनीही तेच उचललं होतं. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी पेशींच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूला अ‍ॅपॉप्टोसिस असं नाव दिलं, तो ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ पानं गळणं असाच आहे. मी मुलांना हे शिकवताना म्हणायचे, हात पुढे करा, बोटं फाकवा. आईच्या पोटात असताना ही बोटं अशी सुटी नव्हती, हात वल्ह्यासारखा चपटा होता, मधल्या पेशी ठरल्या वेळी मेल्या म्हणून पाच बोटं मोकळी झाली. मुलं आपल्याच बोटांच्या बेचक्यांकडे बघत बसायची, वर्गात चिडीचूप. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण पाच ते सात हजार कोटी पेशी अशा मरतात, आणि मरायच्या वेळी मरेनाशा झाल्या तर ती कॅन्सरची सुरुवात असू शकते. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक बाई १९५१ मध्ये कॅन्सरने गेली, तिच्या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळांमधून आजही वाढतायत, वाटल्या जातायत. न मरणं म्हणजे काय याचं एवढं भीषण उदाहरण दुसरं नसेल, पेशी जिवंत आणि बाई गेलेली.

म्हणजे मरणाशिवाय जगणं घडत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. पण पेशीचं मरण आणि माणसाचं मरण यांना एका माळेत ओवता येत नाही. पेशी मरते ती कुणासाठी तरी मरते, शरीरासाठी. माझा भाऊ कुणासाठी मेला? यावर लोक म्हणतात नवीन पिढीला जागा करून द्यायला, म्हातारे गेले नाहीत तर तरुणांनी कुठे जायचं. मीही पूर्वी हेच शिकवत होते. आणि ४१ वर्षांच्या माणसाने कुणाची जागा अडवली होती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी म्हाताऱ्यांच्या बाबतीतही हे शास्त्रज्ञांना आता फारसं पटत नाही. पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमाराला याचं फार सोपं उदाहरण दिलं, तेही टेस्ट ट्यूबचं, त्यामुळे प्रयोगशाळा सांभाळलेल्या माझ्यासारखीला ते लगेच कळलं. समजा टेस्ट ट्यूबचा साठा आहे, त्या म्हाताऱ्या होत नाहीत पण दर महिन्याला धुताना हाताळताना काही फुटतात, फुटल्या की नव्या आणायच्या. काही वर्षांनी बघितलं तर जुन्या अगदी थोड्या उरलेल्या असणार, जुन्या झाल्या म्हणून नाही, जास्त वेळा हाताळल्या गेल्या म्हणून. तसंच रानात बहुतेक प्राणी म्हातारे व्हायच्या आधीच उपाशी राहून, थंडीने, नाहीतर कुणाच्या तरी तोंडी जाऊन मरतात, त्यामुळे म्हातारपणात बिघाड करणारी जनुकं गाळून टाकायला निसर्गाला संधीच मिळत नाही, ती पिढ्यानपिढ्या साठत राहतात. थोडक्यात म्हातारपण आणि त्यातून येणारं मरण ही निसर्गाने आखलेली व्यवस्था नाही, तिथे त्याची नजर पोचत नाही इतकंच. पुढे १९५७ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी यात भर घातली की तरुणपणी उपयोगी पडणारी काही जनुकंच उतारवयात नडतात. आणि सगळ्या जिवांना एकच नियम आहे असंही नाही, हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला एवढासा जीव प्रयोगशाळेत नीट ठेवला तर वय वाढलं म्हणून थकताना दिसतच नाही, आणि ब्रिसलकोन पाईनची काही झाडं ४,८०० वर्षांच्या पुढे गेलीत.

हे एवढं लिहायचं कारण असं की "निसर्गाची योजना" हे शब्द आपण फार सहज वापरतो. योजना म्हटलं की त्यात कुणाचं तरी शहाणपण आलं, आणि शहाणपण आलं की आपण गप्प बसायचं. तिथे योजना नसेल तर गप्प बसायचं कारणही उरत नाही.

दुसरा मुद्दा त्यांनी एपिक्युरसचा घेतलाय, नाव न घेता, पण विचार त्याचाच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकातला हा ग्रीक माणूस, त्याचं म्हणणं असं की आपण आहोत तोवर मृत्यू नाही आणि मृत्यू आला की आपण नाही, मग त्याचा त्रास होणार कुणाला? हे वाचलं की पहिल्यांदा वाटतं, अरे खरंच की. आणि भीती घालवायला हे औषध चांगलं आहे, मी स्वतः घेतलंय. भाऊ गेल्यावर मला रात्ररात्र एकच वाटायचं की त्याला कळलं असेल का, दुखलं असेल का, हाक मारायची असेल आणि मारता आली नसेल. तेव्हा मी स्वतःला हेच सांगायचे की आता त्याला काहीही होत नाहीये, अंधार नाही, थंडी नाही, एकटेपणा नाही. त्याने मला खरंच झोप लागली आहे.

पण एपिक्युरस फक्त दुखण्याचा हिशोब करतो. गमावण्याचा करत नाही. एखाद्याची ठेव त्याच्या नकळत कुणी काढून घेतली, त्याला आयुष्यभर कळलंच नाही, तर तो दुःखी होणार नाही, पण त्याचं नुकसान झालं नाही असं म्हणाल का तुम्ही? थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० मध्ये साधारण हेच मांडलं, की मरण वाईट आहे ते त्यात काही भोगावं लागतं म्हणून नाही, जे भोगायला मिळालं असतं ते जातं म्हणून. मला तत्त्वज्ञानातलं फार कळत नाही, पण हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर तलावाची पुढची बाजू आली. पंधरा मीटर त्याने कापले होते. उरलेले दहा मीटर त्याचे होते, त्याने घाम गाळून जवळ आणलेले होते, आणि ते त्याच्याकडून काढून घेतले गेले. तो नाही म्हणून ते दहा मीटर कुणाचेच नाहीत असं मला वाटत नाही, ते त्याचेच आहेत अजून.

यावर कुणी म्हणतं की जन्माच्या आधी सुद्धा आपण नव्हतोच की, तेव्हाच्या न-असण्याचं दुःख करतो का आपण? नाही करत. पण जन्माच्या आधी त्याने पोहायला सुरुवात केलेली नव्हती.

आता आईचं सांगते, कारण नाहीतर वाटेल की मी प्रत्येक मरणाला सारखंच वाईट म्हणतेय. आई शेवटचे पाच-सहा महिने हळूहळू विझत गेली, हृदय थकलं होतं, किडन्या थकल्या होत्या. एक दिवस माझा हात हातात घेऊन म्हणाली, "पुरे झालं गं आता." चिडून नाही, कंटाळून पण नाही, जसं एखादं विणकाम शेवटच्या ओळीपर्यंत आणून सुया खाली ठेवाव्यात तसं. डॉक्टर म्हणाले हॉस्पिटलमध्ये नेऊन आणखी काही दिवस मिळतील, ते नळ्यांमध्ये जातील. आम्ही घरीच ठेवलं. पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेची नर्स यायची, तिने आम्हाला आधीच बसवून सगळं सांगून ठेवलं होतं, की खाणं-पिणं सुटेल, जबरदस्ती करू नका, ओठ ओल्या कापसाने पुसत राहा, हात-पाय गार पडतील, त्वचेवर निळसर जाळी दिसेल, श्वास मध्येच थांबेल आणि पुन्हा सुरू होईल, घाबरू नका, बोलत राहा, ऐकू येत असेल. हे तिने सांगितलं नसतं तर मी जीवशास्त्राची शिक्षिका असून शेवटच्या रात्री वेडी झाले असते. श्वास थांबला की मी मनात आकडे मोजायचे, अठरा, एकोणीस, वीस, आणि मग एक मोठा श्वास. परत थांबला. पंचवीस. परत आला. पहाटे मी साठापर्यंत मोजलं आणि मग मोजणं थांबवलं.

मी रडले, खूप रडले, पण आतून काही फाटलं नाही. तिच्यासाठी वाईट वाटायला मला जागा सापडत नव्हती, मला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, हाक मारायला आता कुणी नाही म्हणून. भावाच्या वेळी उलटं होतं, तेव्हा मला स्वतःचं सुचतच नव्हतं, त्याच्यावरच अन्याय झाला असं वाटायचं आणि आजही वाटतं.

आणि आईचं ते शांत जाणं सुद्धा आपोआप घडलं नाही हो. त्यामागे औषधं होती, ती नर्स होती, रात्रीचे जागरणाचे पाळीपाळीने ठरवलेले तास होते. सिसिली साँडर्स नावाची बाई, आधी नर्स, मग समाजसेविका, आणि मग मरणाऱ्यांच्या वेदनांकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत म्हणून स्वतः डॉक्टर झालेली, तिने १९६७ मध्ये लंडनला हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं तिथून हे शास्त्र आजच्या रूपात वाढलं. माणसांनी शिकून, कष्ट घेऊन ते मरण सोपं केलंय. निसर्गावर सोडलं असतं तर आईला शेवटी धाप लागून जावं लागलं असतं, आणि दाखल्यावर तेव्हाही नैसर्गिकच लिहिलं असतं.

त्या पत्रातलं निसर्गाशी भांडू नका हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलंय. का लागलं ते सांगते. भाऊ गेल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हा जवळच्या सगळ्यांना इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायला सांगितलं, आजार घराण्यात असू शकतो म्हणून. त्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या तपासण्या आता ठरावीक काळाने होतात, आतापर्यंत सगळं ठीक आहे, आणि उद्या काही निघालंच तर औषधं आहेत, आणि गरज पडली तर छातीत बसवायचं एक छोटं यंत्र आहे जे हृदयाचे ठोके भरकटले की स्वतःच झटका देऊन ते ताळ्यावर आणतं. ते यंत्र कुठून आलं? मिशेल मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरचे जुने वरिष्ठ १९६० च्या दशकात अशाच भरकटलेल्या ठोक्यांनी अचानक गेले. ते दुःख त्याने सोडलं नाही. झटका देणारं तेव्हाचं एवढं मोठं यंत्र शरीरात बसवण्याइतकं लहान कसं करायचं याच्या मागे तो लागला, मोठमोठ्या डॉक्टरांनी ही कल्पना मोडीत काढली तरी लागून राहिला, आणि १९८० मध्ये पहिल्यांदा ते माणसाच्या शरीरात बसवलं गेलं. त्याने जर म्हटलं असतं की पान पिकलं की गळतं, तर?

इन्शुलिनचंही तेच. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ते टोचलं, त्याच्या आधी लहान मुलांचा मधुमेह म्हणजे मरणच, उपाशी ठेवून थोडे दिवस लांबवता यायचं तेवढंच. त्या मुलाला पुढे आणखी १३ वर्षं मिळाली. देवी रोग तर किती हजार वर्षं नैसर्गिक होता, तो १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. १९७१ च्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं आणि मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आणलं. जगात पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं १९९० साली हजारी ९३ होती, २०२२ मध्ये ३७. ही सगळी मुलं निसर्गाने वाचवलेली नाहीत, कुणाला तरी त्यांचं मरण वाईट वाटलं, सहन झालं नाही, म्हणून ती वाचली. कुणी विचारेल मग बाईंना अमर व्हायचंय का. नाही, मला तो प्रश्नच पडत नाही, आजवर सगळ्यात जास्त जगल्याची पक्की नोंद असलेली जान कालमाँ ही फ्रेंच बाई सुद्धा १२२ व्या वर्षी, १९९७ मध्ये गेलीच. कधीतरी जायचंय याबद्दल माझी काही तक्रार नाही, माझी तक्रार आहे ती मरण नैसर्गिक आहे एवढं म्हणून विषय मिटवण्याबद्दल.

कारण तो विषय मिटत नाही, फक्त ज्याचं माणूस गेलंय त्याचं तोंड मिटतं. भाऊ गेल्यावर आमच्याकडे जे भेटायला येत होते त्यातले कितीतरी जण आईला म्हणायचे, "जन्माला आला तो जाणारच, निसर्गापुढे कुणाचं चालतं." आई मान डोलवायची. लोक गेले की एक दिवस मला म्हणाली, "मला माहीत नाही का गं हे? ऐंशी वर्षांची आहे मी. आईबाप पोचवले, तुझे वडील पोचवले. मला मरण माहीत आहे, पण हे मला नको होतं." एवढंच म्हणायचं होतं तिला, हे मला नको होतं, आणि ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता, जो तो तिला समजावत होता. आपण समोरच्याचं दुःख कमी व्हावं म्हणून हे बोलतो असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे समोरचा रडायला लागला की आपल्याला काय करावं सुचत नाही, अवघडल्यासारखं होतं, आणि ते टाळायला आपण एक मोठं वाक्य मध्ये आणून ठेवतो. मीही ठेवलं होतं, त्या आठवीतल्या मुलीसमोर. ती आता तिशी ओलांडून गेली असेल. हे पत्र तिच्या वाचनात आलं तर तिला सांगायचंय की बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर अपुरं होतं. तुझे बाबा नैसर्गिकरीत्या गेले आणि ते वाईट झालं. दोन्ही खरं आहे. मी तेव्हा धडा थांबवून तुझ्याजवळ यायला हवं होतं.

त्या गृहस्थांना मी विरोधक मानत नाही. त्यांच्या घरी कुणी नुकतं गेलं असेल आणि त्या पानगळीच्या विचाराने त्यांना आधार मिळत असेल तर तो त्यांनी जरूर धरावा, मी कुणाच्या हातातली काठी काढून घेणार नाही. स्वतःच्या मरणाबद्दल मलाही तो विचार आवडतो. फक्त तो दुसऱ्याच्या हातात आपण होऊन देऊ नये, त्याने मागितला तर द्यावा.

भाऊ गेल्यावर महिनाभराने माझी एक जुनी सहकारी घरी आली. गणित शिकवायची, बोलायला एकदम कमी. ती बसली, पाणी प्यायली, बराच वेळ दोघी गप्प. मला वाटलं आता ही पण तेच म्हणणार. तर ती म्हणाली, "पोहायला शिकत होता ना तो, तू सांगितलं होतंस. कुठपर्यंत आला होता?"

महिनाभरात मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं, पंधरा मीटर, मध्ये पाय न टेकवता. मग कड धरून काढलेला पहिला महिना सांगितला, पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं त्या दिवशी मला केलेला फोन सांगितला, गॉगलचे वळ डोळ्यांभोवती घेऊन ऑफिसला जायचा ते सांगितलं, लहानपणी गुडघाभर पाण्यात माझं बोट कसं घट्ट धरायचा ते दाखवलं, तिचंच बोट धरून. तासभर मी बोलत होते. तिने मध्येच विचारलं तलाव केवढा होता, मी म्हटलं पंचवीस मीटर, आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे दहाच राहिले होते."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका